फुटक्या बॅटरीला चालतं, ते टाचेला का चालत नाही?

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांत साठीचे एक शेतकरी काका दवाखान्यात आले. पंधरा वर्षांपासूनची शुगर. तक्रार एवढीच, की दोन दिवसांपासून ताप येतोय आणि एका पायाची चप्पल घट्ट होतेय. पाय टेबलावर घ्यायला सांगितला. टाचेच्या खोल भेगेत पांढरा, दगडासारखा कडक थर बसलेला होता. आजूबाजूची कातडी लाल, गरम आणि सुजलेली.

"हे काय भरलंय?" मी विचारलं.

नातवाने मोबाइलवर पाहिलं होतं, की सुपरग्लूच्या ट्यूबवर खायचा सोडा टाकला की क्षणात दगड होतो. त्याने आजोबांची फुटलेली बॅटरी, म्हणजे रात्री पाणी भरायला जाताना लागणारा टॉर्च, तशी जोडून दिली. झाकण पक्कं बसलं. मग काकांनी स्वतःच उरलेली ट्यूब टाचेच्या भेगेत सोडली आणि वर चिमूटभर सोडा दाबला.

"भाजलं नाही का?"

"काहीच दुखस नही, डॉक्टरसाहेब."

खरा धोका तिथेच होता. शुगरमुळे पायाच्या नसा बधिर झालेल्या होत्या. डिंक तापला तो त्यांना कळला नाही, आत पू झाला तोही कळला नाही. सर्जनांनी तो थर काढला, पू वाहून जाऊ दिला आणि नंतर कित्येक आठवडे ड्रेसिंग चाललं. पाय वाचला. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

शेवटच्या ड्रेसिंगला काकांनी मला विचारलं, "बॅटरीचं झाकण त्याच डिंकानं अजून टिकून आहे. मग माझी टाच का बिघडली?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर या डिंकाच्या इतिहासात सापडतं, म्हणून आज तोच इतिहास तुम्हाला सांगतो.

डिंकात पूड घालण्याची युक्ती किती जुनी?

मोबाइलमुळे ही युक्ती नवी वाटते, पण ती माणसाच्या सर्वांत जुन्या युक्त्यांपैकी एक आहे.

आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे 1972-73 मध्ये उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, त्याच कवचाचा कोरीव नक्षी असलेला तुकडा आणि दगडाची बारीक पाती तिथे मिळाली. तो कोरीव तुकडा सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा मानला जातो. म्हणजे एके काळी खानदेशात शहामृग फिरत होते!

आता अशी नखाएवढी दगडी पाती नुसती बोटात धरून काम होत नाही. ती लाकडात किंवा हाडात बसवावी लागतात, आणि बसवायची तर डिंक लागतो. पाटण्याच्या लोकांनी नेमकं काय वापरलं ते सांगणारा डिंक काही मातीत टिकत नाही. पण दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सुमारे 70,000 वर्षांपूर्वीच्या दगडी पात्यांवर डिंकाचे आणि गेरूचे अंश मिळाले. तिथल्या संशोधिका लिन वॅडली यांनी स्वतः तसा डिंक करून पाहिला. बाभळीच्या कुळातल्या झाडाचा नुसता डिंक वाळल्यावर ठिसूळ होतो आणि दमट हवेत मऊ पडतो. त्यात गेरूची पूड मिसळून शेकोटीजवळ वाळवला, तर पातं घट्ट बसतं.

आपल्याकडे याच्या लेखी खुणाही आहेत. सातपुड्यापलीकडे उज्जैनला सहाव्या शतकात वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या बृहत्संहितेत 'वज्रलेप' नावाचं एक प्रकरण आहे. देवळं, मूर्ती, भिंती, विहिरी यांना लावायचे हे लेप. पहिल्या कृतीत कवठ, बेल, गुग्गुळ, राळ, जवस आणि बिब्बा येतो. दुसऱ्या कृतीत लाखेबरोबर 'गृहधूम' सांगितला आहे, म्हणजे घरात चुलीवर धरणारी काजळी. घरातलीच पूड!

आणि जळगावच्या सोन्याच्या पेढ्या तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. नक्षीचं काम करताना पातळ पत्रा हलू नये, वाकू नये म्हणून सोनार तो राळेत बसवतात. त्या राळेत विटकरीची बारीक पूड आणि थोडं तेल घातलेलं असतं. नुसती राळ ठोका बसला की तडकते. पूड घातली की ती ठोका सोसते.

या सगळ्यांत पुडीचं काम एकच आहे. डिंक वाळताना आकसतो, त्यात पोकळ्या राहतात, चीर पडली की ती सरळ पुढे धावते. पुडीचे कण पोकळी भरतात आणि चिरेच्या वाटेत आडवे येतात. काँक्रीटमध्ये सिमेंटबरोबर वाळू आणि खडी का घालतात, याचं कारणही बरंचसं हेच आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हे सगळे लेप दगडाला, लाकडाला, धातूला लावायचे होते. वज्रलेपातल्या बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कसे फोड येतात, ते खानदेशातल्या कुठल्याही आजीला विचारा.

चुकून सापडलेला डिंक

सुपरग्लूचं रासायनिक नाव सायनोअॅक्रिलेट. 1942 मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर नावाचे रसायनतज्ज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ त्यांच्या हाताला लागला, पण तो ज्याला त्याला चिकटत होता. निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवला.

नऊ वर्षांनी, 1951 मध्ये, कूव्हर टेनेसी राज्यातल्या प्रयोगशाळेत काम पाहत होते. त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी याच पदार्थाचा थेंब एका महागड्या मोजणी यंत्राच्या दोन काचांमध्ये ठेवला. काचा एकमेकींना अशा चिकटल्या की सुटेनात. या वेळी कूव्हर यांनी ती अडचण न समजता शोध समजली. ना उष्णता द्यावी लागत होती, ना दाब. 1958 मध्ये 'ईस्टमन 910' या नावाने हा डिंक बाजारात आला.

आपल्याकडे लाकडाला चिकटवायचा फेविकॉल मुंबईत 1959 पासून बनू लागला. पुढे त्याच कंपनीची फेविक्विकची छोटी ट्यूब गावोगावच्या किराणा दुकानात लटकू लागली. आज कुठल्या ना कुठल्या नावाची अशी ट्यूब चोपड्यात नाही असं घर शोधावं लागेल.

सोडा टाकल्यावर नेमकं काय होतं?

ट्यूबमध्ये या डिंकाचे छोटे छोटे सुटे रेणू असतात. हवेतला किंवा वस्तूवरचा किंचित ओलावा मिळाला, की ते एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात आणि द्रवाचं घट्ट प्लास्टिक होतं. ट्यूबमध्येच तसं होऊ नये म्हणून त्यात अगदी थोडं आम्ल घातलेलं असतं.

खायचा सोडा आम्लाच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी. तो पडताच राखण करणारं आम्ल निकामी होतं आणि सगळ्या साखळ्या एकदम सुरू होतात. शिवाय सोड्याचे कण फट भरून काढतात. एरवी हा डिंक अगदी पातळ थरातच चांगला धरतो, जाड थरात आतून ओला राहतो. सोड्यामुळे जाड थरही क्षणात कडक होतो.

राख, सिमेंट, चुना हेही अल्कधर्मी, म्हणून तेही डिंकाला घाईने घट्ट करतात. टाल्कम पावडर किंवा पेन्सिलीच्या शिशाची पूड नुसती जागा भरते, तितकी घाई करत नाही.

वस्तूंसाठी ही युक्ती चांगली आहे. कडक प्लास्टिकचं झाकण, खेळणं, चिनी मातीची शोभेची वस्तू यांचं काम भागतं. पण बादली, पाण्याची टाकी आणि ठिबकच्या काळ्या नळ्या पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या असतात. त्यांना हा डिंक मुळात धरतच नाही, मग सोडा कितीही टाका. तसंच कुकरची मूठ, गॅसची नळी, गाडीचा ब्रेक, विजेची पिन अशा जिवावर बेतणाऱ्या वस्तू अशा जोडू नयेत. जेवणाच्या ताटवाट्याही नकोत.

आता महत्त्वाचा मुद्दा. साखळ्या जुळताना उष्णता बाहेर पडते. हळूहळू जुळल्या तर ती उष्णता हवेत जाते, कळतही नाही. सोड्याने सगळ्या एकदम जुळवल्या, तर तीच उष्णता क्षणात एका जागी साठते. टॉर्चच्या झाकणाला त्याचं काही नाही. कातडीला आहे.

औषधशास्त्र उलट्या वाटेने गेलं

"पण डॉक्टर, हल्ली जखमेलाही टाके न घालता डिंक लावतात ना?" असं मला अनेक जण विचारतात. हो, लावतात. पण तो डिंक इथवर कसा आला ते पाहा.

1966 मध्ये व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याच्या एका खास शस्त्रक्रिया पथकाने या डिंकाचा फवारा वापरला. पोटाला, छातीला गोळी लागलेल्या सैनिकाचा रक्तस्राव थांबवायचा आणि त्याला इस्पितळापर्यंत जिवंत न्यायचं, एवढाच हेतू. अनेक जवान त्यामुळे वाचले, असं कूव्हर नंतर सांगत. आपल्या शोधाच्या या उपयोगाचा त्यांना विशेष अभिमान होता. 2010 मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना मिळालं आणि 2011 मध्ये त्यांचं निधन झालं.

तरीही डॉक्टरांनी बाजारातली ट्यूब उचलून जखमेत ओतली नाही. कारण सुरुवातीच्या मिथाइल आणि इथाइल प्रकारांचे दोष लवकर दिसले. ते फार तापतात, कडक आणि ठिसूळ होतात. शरीरात लवकर फुटतात आणि फुटताना फॉर्माल्डिहाइड सोडतात, ज्याने पेशी मरतात. घरातल्या ट्यूबमध्ये बहुधा हाच इथाइल प्रकार असतो.

म्हणून संशोधकांनी रेणूची शेपटी लांब केली. आधी ब्यूटाइल आणि मग ऑक्टाइल प्रकार आला. शेपटी लांब झाली तसा डिंक कमी तापू लागला आणि सावकाश फुटू लागला. ऑक्टाइल तर कातडीबरोबर वाकण्याइतका लवचिक निघाला. युरोप आणि कॅनडात ब्यूटाइल आधीपासून वापरात होता. अमेरिकेत ऑक्टाइल डिंकाला 1998 मध्ये परवानगी मिळाली. हा डिंक निर्जंतुक असतो. जखम धुऊन, तपासून, कडा जुळवून, फक्त वरून पातळ थर लावायचा, जखमेच्या आत एक थेंबही जाऊ द्यायचा नाही, असा त्याचा नियम आहे.

लिव्हर खराब झालेल्या रुग्णांच्या जठरात शिरा फुगतात आणि फुटतात. मग रक्ताच्या उलट्या होतात. 1986 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या डॉ. सोहेंद्र आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून अशा शिरेत ब्यूटाइल डिंक टोचून रक्तस्राव थांबवल्याचं प्रसिद्ध केलं. आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हा उपचार होतो. त्या डिंकात बहुतेक वेळा लिपिओडॉल नावाचं तेल मिसळतात. कशासाठी? एक तर एक्स-रेत तो दिसावा म्हणून, आणि दुसरं म्हणजे तो जरा सावकाश घट्ट व्हावा म्हणून.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे गुंते बंद करण्यासाठीही हा डिंक वापरतात. अमेरिकेत त्याला 2000 मध्ये परवानगी मिळाली. त्याच्याबरोबर तेलाखेरीज टँटलम नावाच्या धातूची पूडही दिली जाते. म्हणजे डॉक्टरही डिंकात पूड घालतात! पण ती ताकदीसाठी नाही, घाईसाठी तर मुळीच नाही. डिंक कुठे पोहोचला ते एक्स-रेच्या पडद्यावर दिसावं, एवढ्यासाठीच.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. वस्तू जोडणाऱ्याला डिंक लवकर, कडक आणि घट्ट हवा असतो, म्हणून तो सोडा टाकतो. जखम जोडणाऱ्याला तो सावकाश, थंड आणि लवचिक हवा असतो. त्यासाठी रसायनतज्ज्ञांनी आणि डॉक्टरांनी कित्येक वर्षं घालवली. घरच्या ट्यूबवर सोडा टाकून टाचेत भरणं म्हणजे ती सगळी मेहनत उलटी फिरवणं. शिवाय भेग वरून दगडासारखी बंद झाली की आतले जंतू आतच कोंडतात.

आपल्या भागासाठी खास इशारा: कापूस

हा मुद्दा खानदेशात प्रत्येकाला माहीत असायला हवा. हा डिंक आणि कापूस यांचं वैर आहे. कापसाच्या बारीक तंतूंवर डिंक क्षणात पसरतो आणि सोड्यासारखाच एकदम तापतो. जास्त डिंक पडला तर धूर निघतो. सुती कपड्यावर ट्यूब सांडून कातडी खोलवर भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत, त्यांत लहान मुलंही आहेत.

म्हणून सांडलेला डिंक कापसाच्या बोळ्याने किंवा सुती फडक्याने पुसू नका. मांडीवर ठेवून वस्तू जोडू नका. सुती पँट, धोतर किंवा साडीवर डिंक सांडला तर लगेच त्या जागी भरपूर पाणी ओता. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढून काढू नका, तसंच पाणी ओतत दवाखान्यात या.

काय करावं, काय करू नये

बोटं चिकटली तर: कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, थोडं खोबरेल तेल चोळा आणि हळूहळू सोलल्यासारखं सोडवा. झटका देऊन ओढू नका. नेलपॉलिश काढायचं द्रावण फक्त धडधाकट बोटांना चालतं. डोळा, ओठ आणि जखम यांच्या जवळही नेऊ नका.

डोळ्यात गेला तर: दहा-पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. पापण्या चिकटल्या असतील तर ओढून उघडू नका, कात्री लावू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांच्या थेंबांची आणि डिंकाची बाटली दिसायला सारखी असते. दोन्ही एकाच फळीवर ठेवू नका, आणि रात्री दिवा न लावता डोळ्यात थेंब घालू नका.

तोंडात गेला तर: लाळेने तो आपोआप सुटतो. तोवर ओठ ओढू नका आणि सुटलेला तुकडा थुंकून टाका. तुटलेला दात किंवा कवळी घरी चिकटवू नका. दाताचे डॉक्टर ते काम नीट करून देतात.

विळा, कोयता लागला तर: स्वच्छ कापड दाबून धरा, रक्त थांबलं की साध्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डिंक, हळद, चुना, राख यांतलं काहीही भरू नका. रक्त थांबत नसेल तर दाब न सोडता 108 ला फोन करा किंवा थेट उपजिल्हा रुग्णालयात जा.

टाचेला भेगा असतील तर: रोज रात्री पाय धुऊन नीट कोरडे करा आणि व्हॅसलिन किंवा युरिया असलेलं मलम लावा. शेतात अनवाणी जाऊ नका. शुगर असेल तर रोज झोपण्याआधी तळपाय पाहा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरशात पाहा किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगा. खोल भेग, पाणी, वास, लाली यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवा. शुगरच्या रुग्णाला दुखत नाही म्हणजे काही झालं नाही, असं कधीच समजू नका.

काका आता दर महिन्याला येतात. शुगर तपासतात, टेबलावर पाय ठेवतात आणि मी न सांगताच तळवा वर करून दाखवतात. बॅटरी अजून चालू आहे, असं त्यांनी मागच्या वेळी सांगितलं. तुमच्या घरातही शुगरचं कोणी असेल, तर आज रात्री त्यांचे तळपाय एकदा दिव्याखाली पाहून घ्या.